आकडा नको, म्हणून मोजणाराच काढला!

अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने १ ऑगस्ट २०२५ रोजी रोजगाराचे आकडे जाहीर केले. जुलैत फक्त ७३ हजार नोकऱ्या वाढल्या. मे-जूनच्या आधीच्या आकड्यांतून २ लाख ५८ हजार वजा झाल्या. त्याच दिवशी अध्यक्ष ट्रम्प यांनी विभागप्रमुख एरिका मॅकएंटार्फर यांना काढून टाकले. आकडे बनावट असल्याचा आरोप केला. पुरावा दिला नाही. मार्च २०१७ मध्ये सोयीचे आकडे आले, तेव्हा मात्र याच विभागाचा हिशेब त्यांना खरा वाटला होता!

वास्तविक अशी दुरुस्ती दर महिन्याला होते. काही कंपन्या माहिती उशिरा पाठवतात. ती आली की आकडा बदलतो. त्यात कारस्थान कसले?

यात नुकसान कोणाचे? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत बेकारी ४.३ टक्के होती, काळ्या कामगारांत ७.५ टक्के. ही विषमता याच विभागाच्या मोजणीतून जगाला दिसते. मोजणीच खोटी ठरवली, तर उद्या काळा कामगार म्हणेल, 'मला काम नाही' आणि सरकार विचारेल, 'पुरावा कुठे आहे?'