लग्नानंतर काय करणार?

बजाजनगरात आमच्या शेजारी राहणारी पोर परवा मुलाखत देऊन आली. एम. फार्म., पहिला वर्ग. पण चेहरा उतरलेला. ‘काय विचारलं गं?’ म्हटलं. ‘काकू, औषधाचं काहीच नाही. लग्नानंतर इथंच राहणार का, एवढंच!’

मी गप्पच झाले. कारण हा प्रश्न मीही विचारलाय. वाळूजच्याच एका औषध कारखान्यात बारा वर्षं मी माणसं निवडायचं काम केलं. टेबलाच्या त्या बाजूला बसलं की बाईचाही साहेब होतो. एका मुलीनं मला उलट विचारलं होतं, ‘मॅडम, मुलांनाही हे विचारता का?’ तिच्या अर्जावर ‘आगाऊ वाटते’ असा शेरा मीच मारला. तिला घेतलं नाही.

मुली आम्ही घ्यायचो, पण लॅबमध्ये. नमुने तपासायला, नोंदी ठेवायला. ‘मुलींचं काम कसं नीटनेटकं’ असं कौतुकही करायचो. प्रॉडक्शनला मात्र मुलगे, कारण तिथं रात्रपाळी. आणि पुढे कारखान्याचा प्रमुख नेमताना प्रॉडक्शन सांभाळलेला माणूसच हवा! शिडीची खालची पायरी काढून घ्यायची आणि वर बाई का दिसत नाही म्हणून नवल करायचं, असा तो प्रकार.

तेव्हा कायद्याचा आडोसा होता. 1948 च्या कारखाना कायद्यानं बायकांना संध्याकाळी सातनंतर कामाला बंदी होती. 2015 मध्ये महाराष्ट्रानं त्यात दुरुस्ती केली. सुरक्षितता आणि नेण्या-आणण्याची सोय करून रात्रपाळी देता येऊ लागली. आडोसा गेला, सवय राहिली.

जपानचंच बघा. लग्न ठरलं की मुलीनं राजीनामा द्यायचा, ही तिथली जुनी रीत. समान संधीचा कायदा लागू झाला तो 1986 मध्ये. तिथली ताकेदा ही औषध कंपनी 1781 पासूनची, ओसाकाची. 2014 मध्ये तिनं क्रिस्तोफ वेबर या फ्रेंच माणसाला अध्यक्ष केलं, तेव्हा संस्थापकांच्या घराण्यातल्या काहींनीही विरोध केला होता. त्याच कंपनीनं जानेवारी 2025 मध्ये वेबर यांच्यानंतरची प्रमुख म्हणून ज्युली किम यांचं नाव जाहीर केलं. एका बाईचं! पण हे एका रात्रीत झालं नाही. आधी अमेरिकेतला सगळा कारभार त्यांच्या हाती सोपवला होता. जबाबदारी दिली, म्हणून नेतृत्व दिसलं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी आज टेबलाच्या त्या बाजूला बसत असाल, तर समोरच्या मुलीला विचारा, बॅच बिघडली तर काय करशील? रात्रपाळीची माणसं कशी सांभाळशील? लग्नाचं तिचं ती बघेल.

शेजारच्या पोरीला मी माझ्या त्या शेऱ्याची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, ‘मग तिचं पुढे काय झालं, काकू?’

मला ठाऊक नाही. मी कधी चौकशीच केली नाही.