गॅस आला, धूर गेला नाही

गरीब घरांना स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी देणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. आज तिच्या जोडण्या दहा कोटींवर गेल्या आहेत. काम मोठे आहे, पण जोडण्या मोजून धूर मोजला जात नाही. सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर कुटुंबाला वर्षाला आठ-दहा सिलिंडर लागतात. उज्ज्वलाच्या घरांची सरासरी चार-साडेचारच्या आसपास आहे. उरलेला स्वयंपाक चुलीवरच होतो.

याचे खापर सवयीवर फोडले जाते: चुलीवरच्या भाकरीची चव वेगळी, जुन्या बायकांना गॅसची भीती वाटते, वगैरे. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि तमिळनाडूत झालेल्या ‘हॅपिन’ चाचणीने हा समज खोटा ठरवला. सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना शेगडी आणि गॅस दोन्ही फुकट, घरपोच मिळाले आणि त्या घरांतल्या चुली जवळजवळ विझल्या. चव आणि सवय तीच होती. पैसे तेवढे मोजावे लागत नव्हते.

मात्र याच चाचणीत बाळांचे जन्मवजन वाढले नाही, न्यूमोनियाही लक्षणीय घटला नाही. मग एवढा खर्च कशासाठी, हा आक्षेप गंभीर आहे आणि गॅसच्या समर्थकांनी त्याकडे डोळेझाक करू नये. एकट्या गॅसने बालन्यूमोनिया हटेल, असे सांगणे आता थांबवायला हवे. पण स्त्रियांची चाचणीत नोंद झाली तेव्हाच गर्भ ९ ते २० आठवड्यांचा होता, गॅस त्यानंतर घरात आला आणि शेजारच्या चुली पेटतच होत्या. शिवाय जागतिक आरोग्य संघटना घरगुती धुराच्या पदरी २०२० या एका वर्षातले जे ३२ लाख मृत्यू घालते, त्यांतला मोठा वाटा हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा आहे. हे आजार वर्षानुवर्षांच्या धुराने जडतात. सुमारे दीड वर्षाच्या चाचणीत त्यांचा हिशेब लागणार नाही.

दुसरा आक्षेप तिजोरीचा: सरपण फुकट मिळते, तर सरकारने गॅसवर खर्च का करावा? सरपण फुकट वाटते ते बाईच्या श्रमाची मजुरी कोणी धरत नाही म्हणून. ते गोळा करण्यात गेलेले तास आणि घरातल्या आजारपणाचा दवाखाना हा खर्च गरीब कुटुंब आजही सोसतेच आहे, तो सरकारी वहीत दिसत नाही इतकेच. खरी अडचण अनुदान देण्याच्या रीतीत आहे. केंद्राचे सिलिंडरमागचे ३०० रुपये मागाहून खात्यात येतात, म्हणजे रोजंदारीवरच्या बाईने आधी पूर्ण किंमत मोजायची. महाराष्ट्राच्या अन्नपूर्णा योजनेतल्या तीन मोफत सिलिंडरांचे पैसेही असेच नंतर मिळतात. ज्या घरात आठवड्याचा बाजारच मजुरी हाती पडल्यावर होतो, तिथे ही उधारी सरकारने गरिबाकडून घेतल्यासारखी आहे.

अनुदान सिलिंडर दारात देतानाच किमतीतून वजा करावे, सर्वांत गरीब घरांना ते अधिक द्यावे आणि तो खर्च आरोग्याच्या अंदाजपत्रकात धरावा. आणि योजनेचा अहवाल मांडताना कोणत्या जिल्ह्यात किती घरांनी वर्षाला आठ सिलिंडर भरून घेतले, हा आकडा जोडण्यांच्या आधी छापावा.