परसातला भोपळा : हळवा की गरवा?

मृगाला टोकलेल्या बियांचा लाल भोपळा गणपतीला हाताशी येईल का, याचं गणित दरवर्षी नव्याने मांडावं लागतं. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. ७ जूनला बी टोकलं असेल तर हाती ८१ दिवस. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला गेली, म्हणजे ९९ दिवस. गावठी वेल फळ पूर्ण पिकवायला सहज चार महिने घेतो. त्यामुळे गौरी-गणपतीचे घारगे घरच्या भोपळ्याचे हवे असतील, तर लवकर येणाऱ्या, भाताच्या भाषेत ‘हळव्या’, वाणाकडे वळणं स्वाभाविक आहे. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. तिथे तर परसातल्या वेलाचा मान मोठाच.

हळव्या वाणाची बाजू भक्कम आहे. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘अर्का सूर्यमुखी’ साधारण १०० दिवसांचा, फळ किलोभराचं. त्याच संस्थेचा ‘अर्का चंदन’ दोन-तीन किलोचं फळ देतो, पण सव्वाशे दिवसांच्या आसपास. दिल्लीच्या ‘पुसा विश्वास’चं फळ पाच किलोंपर्यंत जातं. आज घरात माणसं तीन-चार. पाच किलोचा भोपळा एकदा कापला की फोडी शेजारीपाजारी वाटल्या तरी उरतात आणि दोन-तीन दिवसांत बुळबुळीत होतात. किलोभराचं फळ एका भाजीत आणि एका घाण्याच्या घारग्यांत संपतं. ते गच्चीवरच्या मांडवाला सहज लटकतं; मोठ्या फळाला जुन्या साडीची झोळी बांधावी लागते. शिवाय वेल जितका कमी काळ उभा, तितकी भुरी आणि फळमाशी यांच्याशी झुंज कमी.

पण कोकणातल्या पावसाचा हिशेब या घाईच्या विरोधात जातो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हळवा वेल फुलतो तो ऐन जुलैच्या झडीत. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढेपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात पाऊस कोसळत असेल तर मधमाशी फिरकत नाही, पराग भिजून जातो, आणि फुलाखालची सुपारीएवढी गाठ पिवळी पडून गळते. अनेक जण मग खत कमी पडलं म्हणून आणखी शेण घालतात. वेल पानांनी माजतो, फळ मात्र धरत नाही. उशिरा येणारा, म्हणजे ‘गरवा’, गावठी वेल फुलावर येतो तोवर पाऊस ओसरू लागलेला असतो. जुन्या माणसांचा भोपळा दसरा-दिवाळीला तयार व्हायचा, तो या हवामानाला धरूनच.

यावर उपाय आहे, पण तो रोजच्या हजेरीचा आहे. सकाळी सातच्या आत नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सोलायच्या आणि उघडा पडलेला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवायचा. मग त्या फुलावर कागदाची टोपी ठेवायची. उरलेल्या नर फुलांची भजी करावी. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पावसाळ्यात हळव्या वाणाकडून फार आशा ठेवू नये. जानेवारी-फेब्रुवारीत लावावा, तेव्हा पाऊस नसतो आणि पाणी आपल्या हातात असतं.

दुसरा मुद्दा बियांचा. बाजारातली बरीच लवकर येणारी पाकिटं संकरित असतात. त्यांच्या फळातलं बी पुढच्या वर्षी लावलं तर तसंच फळ मिळेल याची खात्री नाही. शिवाय घरचा जुना वेल आणि नवा वेल शेजारी फुलले, तर मधमाश्या पराग इकडचा तिकडे नेतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या राखेत घोळून ठेवलेलं बी मिसळून जाऊ शकतं. हे नुकसान त्या वर्षी दिसत नाही, म्हणून ते अधिक वाईट. टिकाऊपणातही जाड सालीचा, देठासकट काढलेला, पूर्ण पिकलेला गावठी भोपळा वाशाला टांगून काही महिने राहतो. गणपतीसाठी घाईने कोवळा तोडलेला भोपळा तसा टिकत नाही, गोडीही भरत नाही. देठ सुकून खरखरीत झाला आणि सालीत नख रुतलं नाही, तरच फळ काढावं.

तेव्हा माझं मत असं : गच्ची, बाल्कनी किंवा एकाच वेलापुरती जागा असेल तर हळवा वाणच लावावा, पण तो संकरित नसलेला, सुधारित सरळ वाण असावा, म्हणजे बी पुढे धरता येईल. चतुर्थी ऑगस्टमध्ये येणार असेल त्या वर्षी मेच्या मध्यालाच पिशवीत रोप करावं. अंगण आणि कुंपण असेल तर गावठी वेल काढू नये. दोन्ही लावायचे असतील तर बियाण्यासाठी गावठी वेलाची एक नर आणि एक मादी कळी उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधावी, सकाळी हाताने पराग लावावा, मादी फूल पुन्हा बांधावं आणि त्या फळाच्या देठाला खूण करावी. ज्यांच्या घरी आजीच्या डब्यातलं भोपळ्याचं बी अजून शिल्लक आहे, त्यांनी या वर्षी नवं पाकीट आणण्याआधी त्यातल्या चार बिया जरूर लावाव्यात.