गप्प बसणं म्हणजेच अदब नव्हे

आमच्या ओळखीतला एक मुलगा गेल्या वर्षी एम.एस्सी.साठी इंग्लंडला गेला. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलं होतं. पहिल्याच निबंधाला शून्य गुण मिळाले, वर नक्कल केल्याचा ठपका! रात्री फोनवर तो अम्मीला म्हणाला, "मी सरांच्याच पुस्तकातलं लिहिलं होतं. त्यांच्यापेक्षा चांगलं मी काय लिहिणार?"

आपल्याकडे उस्तादांचे शब्द जसेच्या तसे सांगणं हा अदब. तिथे दुसऱ्याचं वाक्य त्याचं नाव न देता लिहिलं, तर ती चोरी ठरते. मुलाची नियत साफ होती. हा फरक त्याला कुणी समजावलाच नव्हता. चर्चेच्या तासालाही तो मान राखून गप्प बसे आणि शिक्षकांना वाटे, याने काही वाचलेलंच नाही.

मग चूक एकट्या मुलाचीच का? हाँगकाँगमध्ये अनेक वर्षं शिकवलेले शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९९ साली शिक्षकांच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवरचा शिक्षक विद्यार्थ्याला दोष देतो. दुसरा स्वतःच्या शिकवण्याकडे पाहतो. तिसरा पाहतो की विद्यार्थी शिकताना नेमकं काय करतो. चिनी मुलं नुसती घोकंपट्टी करतात, हा समजही बिग्ज आणि डेव्हिड वॉटकिन्स यांनी १९९६ मध्ये संपादित केलेल्या पुस्तकात तपासला गेला. पुन्हा पुन्हा वाचून, पाठ करूनही माणूस अर्थापर्यंत पोहोचतो, हे त्यातून पुढे आलं. पाठांतराची सवय असलेल्या आपल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

परदेशी मुलं घेणाऱ्या विद्यापीठांना फार मोठं काही करायचं नाही. संदर्भ कसा द्यायचा, हे पहिल्याच आठवड्यात उदाहरणासह दाखवावं. गुण न देता एक छोटा निबंध आधी तपासून द्यावा. चर्चेचा प्रश्न आदल्या दिवशी सांगावा. वर्गासमोर बोलण्याआधी दोघादोघांत बोलू द्यावं. यात तिथल्या मुलांचाही फायदाच आहे.

त्या मुलाला एका प्राध्यापक बाईंनी हे सगळं शेजारी बसवून समजावलं. निबंध पुन्हा लिहून तो पास झाला. पण दरम्यानचे दोन महिने त्या घरात कुणाला नीट झोप नव्हती.

आपणही मुलांच्या बॅगेत लोणचं-मसाले भरताना एक गोष्ट सांगायला हवी: बेटा, उस्तादांना प्रश्न विचारणं ही बेअदबी नाही. आणि ही सवय घरातूनच लागते. जेवताना मुलाने "असं का?" विचारलं, तर त्याला गप्प करू नका.