मेहेरबानी नको, कायदा हवा

बहरीनच्या अवाली गावात डिसेंबर २०२१मध्ये ‘अवर लेडी ऑफ अरेबिया’ हे कॅथेड्रल उभे राहिले. त्यासाठी जमीन दिली ती राजे हमद यांनी. बहरीन, कुवेत, कतार आणि सौदी अरेबिया या चार देशांतल्या कॅथलिकांचा धार्मिक कारभार इथून चालतो. ‘उत्तर अरबस्तानचे व्हिकॅरिएट’ म्हणून ओळखले जाणारे हे क्षेत्र म्हणजे नेहमीसारखा धर्मप्रांत नाही. इथला बिशप पोपच्या वतीने कारभार पाहतो. भाविक जवळजवळ सगळे बाहेरचे आहेत. फिलिपिनो, केरळी, लेबनीज यांच्याबरोबर गोवा, मंगळूर आणि वसईची माणसेही त्यात आहेत. नोकरी आहे तोवर त्यांचा व्हिसा आणि व्हिसा आहे तोवर मुक्काम. अशा समाजाची उपासना राज्यकर्त्याच्या मर्जीवर नव्हे, तर कायद्यावर उभी असली पाहिजे.

मर्जीवर भिस्त ठेवली की काय होते, हे याच चार देशांत दिसते. बहरीनमध्ये १९३९पासून सेक्रेड हार्ट चर्च आहे. दोह्यात पहिले चर्च उघडायला २००८ साल उजाडले आणि तेही बाहेर क्रूस किंवा घंटा न लावता. सौदी अरेबियात आजही एकही चर्च नाही. तिथल्या श्रद्धावंताला सार्वजनिक मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा सामूहिक उपासनाविधी, मिळत नाही. एकाच बिशपच्या छत्राखाली असूनही नोकरी कुठे मिळाली, यावर माणसाची उपासना ठरते. घरकामाला आलेल्या बाईला किंवा मजुरांच्या छावणीत राहणाऱ्या कामगाराला सुट्टीच्या दिवशी आपल्या भाषेत बोलणारी माणसे भेटतात ती चर्चच्या आवारात. अडल्यानडल्याला मदत मागण्याचे ठिकाणही बहुधा तेच असते. तिथवर जाण्याची मुभा मालक किंवा अधिकारी यांच्या मनावर सोडणे अन्यायाचे आहे.

‘पाहुण्याने यजमानाच्या घरच्या रीतीने वागावे’ असा यावर आक्षेप घेतला जातो. पण ज्यांच्या श्रमावर रस्ते, रुग्णालये आणि घरे चालतात, त्यांना पाहुणे म्हणणे बरोबर नाही. शिवाय त्यांची मागणी धर्मप्रसाराची नाही, प्रार्थनेची आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : शांतपणे केलेल्या वाटाघाटींतूनच चर्चना जागा मिळाल्या, आवाज चढवला तर आहे तेही जाईल. ही भीती अनुभवातून आलेली आहे. म्हणूनच हे ओझे स्थानिक बिशपांवर न टाकता माणसे पाठवणाऱ्या सरकारांनी उचलले पाहिजे. कायद्याची वाट या प्रदेशाला अनोळखीही नाही. शेजारच्या संयुक्त अरब अमिरातींनी २०२३मध्ये मुस्लिमेतरांच्या प्रार्थनास्थळांसाठी संघीय कायदा केला. त्यात परवान्याची आणि देखरेखीची बंधने आहेत, तरीही शासकाच्या शब्दापेक्षा लिखित नियम बरा. तो बदलला तर निदान सर्वांना कळतो आणि त्यावर बोट ठेवून दादही मागता येते.

आखाती देशांशी मजुरांविषयीचे करार करताना भारताने पगार आणि निवासाबरोबर साप्ताहिक सुट्टी व उपासनेची मुभा ही कलमेही आग्रहाने मांडावीत. त्यांचा लाभ हिंदू, शीख आणि ख्रिस्ती अशा सर्वच भारतीयांना होईल. मात्र परदेशी आपल्या माणसांसाठी हक्क मागणाऱ्याने आपल्या घरातल्या अल्पसंख्याकांनाही तोच हक्क निर्धास्तपणे वापरू दिला पाहिजे. त्याशिवाय या मागणीला नैतिक बळ येणार नाही.