न बोलणारा डब्ल्यू

आमची पुतणी इंग्रजी शाळेत जाते. वय वर्षे आठ. गेल्या आठवड्यात ती मागल्या दाराने वही घेऊन आली आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, "काका, यात काय चुकलं?"

वहीत ‘टू’ लिहिले होते. दोन या अर्थाचे. टी आणि ओ, बस्स. त्यावर बाईंनी लाल शाईने फुली मारून मध्ये एक डब्ल्यू घुसडला होता.

"डब्ल्यू राहिला," मी म्हणालो.

"पण तो बोलतच नाही! जो बोलत नाही त्याला घरात कशाला ठेवायचा?"

वाचकहो, मी मराठीचा प्राध्यापक. इंग्रजीच्या स्पेलिंगांची वकिली करण्याचा पगार मला मिळत नाही. पण हा प्रश्न जरा वर्मी लागला. त्याचे कारण असे की, मी आणि माझा धाकटा भाऊ, म्हणजे या पोरीचा बाप, गेल्या वैशाखापासून एकमेकांशी बोलत नाही. वाटणी झाली, माजघरात भिंत आली, आणि एका घराची दोन घरे झाली. पोरीला मात्र भिंत ठाऊक नाही, कारण मागचे अंगण अजून सामाईक आहे.

तिला जवळ बसवून म्हणालो, "अगं, तो इथे गप्प असला तरी नातेवाइकांकडे चांगला बोलतो. ट्वाइस म्हणजे दोनदा. ट्विन म्हणजे जुळे. ट्वेल्व, ट्वेंटी. बघ, बोलतो की नाही?"

ट्वेंटी म्हणजे दोन दहा, हे सोपे आहे. ट्वेल्वची गंमत अशी की, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘दोन उरले’ असा होता. दहा मोजले, वर दोन उरले, झाले बारा. ट्वाइन म्हणजे दोन धाग्यांना पीळ देऊन केलेला दोरा. ट्विल कापडाच्या नावातही दोन सूत आहेत. झाडाची डहाळी म्हणजे ट्विग; तीसुद्धा याच घराण्यातली, कारण फांदी जिथे दुभंगते तिथे डहाळी. ‘ट्व’ दिसला की दोन शोधावेत, असे मात्र समजू नका. ट्विंकल आणि ट्विच यांचा दोनाशी काही संबंध नाही. नाव सारखे म्हणून कुणी भाऊबंद होत नाही.

आता हा ‘ट्व’ म्हणजे आपलाच ‘द्व’. 1786 साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मुळाच्या भाषा असल्या पाहिजेत. पुढे याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने 1822 मध्ये वर्णांच्या फरकाचे नियम मांडले. संस्कृतात जिथे ‘द’ तिथे इंग्रजीत ‘ट’. दश तसा टेन, दंत तसा टूथ, द्वि तसा टू. होय, हा ग्रिम परीकथावाला. गोष्टी गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी थोरला. त्या दोघांनी जन्मभर एकत्र काम केले. हे मी पुतणीला सांगितले नाही.

टूमधला डब्ल्यू गप्प का झाला, तेही सांगतो. पुढे ‘ऊ’ आला आणि ‘व’ त्यात विरघळला. ‘व’ आणि ‘उ’ यांचे सख्य आपल्या व्याकरणाला जुने आहे. वच्‌चे उक्त होते, स्वप्‌चे सुप्त होते. उच्चार गेला, लिहिण्यात जागा राहिली.

आपण मराठी माणसांनी त्या ‘द्व’चे आणखीच काही केले. एकीकडे दुसरा, दुणे, दुपार. दुसरीकडे ‘द’ टाकून दिला आणि ‘ब’ धरला. द्वादशचे बारा झाले. बावीस, बत्तीस, बेचाळीसपासून ब्याण्णवपर्यंत म्हणून पाहा, सगळीकडे ‘ब’. आणि ‘बे एके बे’ तर आहेच. लॅटिननेही असेच केले, म्हणून बाइसिकलमधला ‘बाय’ आणि आपला ‘बे’ ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे. बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेले, तिथेही तोच.

पंचांगातली यमद्वितीया आमच्या स्वयंपाकघरात भाऊबीज झाली, ती अशी. बीज म्हणजे द्वितीया.

पुतणीने विचारले, "आणि बिट्वीन? त्यात पण ट्व आहे."

"आहे ना. दोघांच्या मध्ये."

"म्हणजे भिंत," ती म्हणाली आणि वहीत लिहूनही टाकले.

मी ट्विस्टकडे वळलो. इंग्रजीत ट्विस्ट म्हणजे पीळ, दोन पदर एकत्र वळणे. त्याचाच जर्मन भाऊ त्स्विस्ट, त्याचा अर्थ भांडण. डच भाषेतही ट्विस्ट म्हणजे भांडणच. एकाच दोनापासून कुणी दोर वळला, कुणी तंटा केला. पोरीला जर्मनशी कर्तव्य नव्हते. ती कंटाळून उठली.

खरे सांगायचे तर मीही मनाने दुसरीकडेच होतो. टेबलावर आक्काचे पत्र पडले होते. "भाऊबीजेला येते. पण माझ्या गुडघ्यांना दोन घरे झेपायची नाहीत. मी एकदाच ओवाळणार. कुठे, ते तुम्ही दोघे ठरवा." तीन दिवस झाले, ठरवायचे कुणी, हेच ठरत नव्हते. आमच्या सौ. म्हणाल्या, "थोरल्याकडेच रीत." पण ओवाळायला बसायचे जुने शिसवी पाट वाटणीत पलीकडे गेलेले.

पुतणी दारापर्यंत गेली होती. तिला हाक मारली. "बाबांना विचार, पाट दोन्ही जागेवर आहेत ना? आक्काआत्या येतेय म्हणावं."

ती पळाली. भिंतीपलीकडून आधी तिचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. सौ. कढईतली चकली उलटायची विसरल्या. मग पोरगी धापा टाकत परत आली.

"बाबा म्हणाले, पाट पुसून ठेवतो. पण चांदीचं तबक तुमच्याकडे आहे, ते काकांनी स्वतः घेऊन यायचं."