रमी म्हणे कौशल्याची

शेती म्हणजे जुगार, हे वाक्य मी आजवर किती तोंडांतून ऐकलं त्याचा हिशेब नाही. बँकेचा साहेब म्हणतो, शिबिरात भाषणाला आलेला अधिकारी म्हणतो, पुण्याहून लग्नाला आलेला साडू जेवताजेवता म्हणतो. आणि आमचे शेतकरीही मान डोलावतात, "व्हय ना बावा, जुगारच हाय." आता पत्त्यांच्या रमीचं काय? ती मात्र कौशल्याचा खेळ! हे पारावरच्या कुण्या रिकामटेकड्याचं म्हणणं नाही. कंपन्यांचे वकील कोर्टात तेच सांगत आले आणि जाहिरातीतली देखणी माणसं टीव्हीवर तेच सांगत आली. ज्या धंद्यात जमिनीचा ओलावा चिमटीत घेऊन ओळखावा लागतो, पानामागची अळी तिच्या विष्ठेवरून ताडावी लागते, तो जुगार. अन् अंगठ्यानं काचेवर पत्ता सरकवायचा, ते कौशल्य. राजेहो, आमच्याकडची घरं मोबाईलनं धुतली नाहीत, या उलट्या भाषेनं धुतली, असं माझं म्हणणं आहे.

कारण मोबाईलला शिव्या घालणं फार सोपं झालंय. खेड्यातली पोरं मोबाईलनं बिघडली, असं म्हटलं की शहरातल्या माणसाला बरं वाटतं, आमच्या म्हाताऱ्यांनाही बरं वाटतं. मी त्यातला नाही. करमणुकीची भूक आमच्या गावाला कधी नव्हती? यात्रेत तंबूतला सिनेमा आला की आम्ही पोतं घेऊन जमिनीवर बसत असू, आणि पडद्याच्या मागच्या बाजूला बसलेल्यांना हिरो डावखुरा दिसे. 1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं तेव्हा लाईन गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायचे, आणि ट्रॅक्टरवाल्याला त्या दिवशी सगळ्यांच्या पुढची जागा. गणपतीत वर्गणी काढून भाड्यानं व्हिडिओ आणायचा अन् एका रात्रीत तीन पिक्चर पाहायचे. सकाळी डोळे लाल घेऊन निंदणाला. त्यानंही आम्ही बिघडलो, असं तेव्हाचे म्हातारे म्हणतच होते.

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि हे सगळं खिशात आलं. दुपारच्या भाकरीनंतर निंबाखाली बसून बाया चौघी मिळून एका फोनवर लुडो खेळतात अन् सोंगटी मेली की खऱ्याखुऱ्या भांडतात. माझी म्हातारी शेगावची आरती फोनवर पाहते आणि फोनलाच हात जोडते. पोरं पब्जी खेळायची. 2 सप्टेंबर 2020 ला ती बंद झाली, पुढच्या वर्षी नाव बदलून परत आली, पुन्हा खेळू लागली. अभ्यास बुडाला, डोळे गेले, मान्य. पण वेळ खाणारा खेळ वेगळा आणि वावर खाणारा वेगळा. या दोघांना एकाच 'मोबाईलचं व्यसन' नावाच्या पोत्यात भरणाऱ्यांनी दुसऱ्याची फार मोठी सोय केली.

जुगारही आम्हाला नवा नाही, हे कबूल करायलाच पाहिजे. मटका होता. मुंबईत 1962 साली कल्याणजी भगतानं कल्याण मटका चालवला, पुढं रतन खत्रीचा आला, आणि तो आकडा आमच्या घाटावरच्या खेड्यापर्यंत कसा कोण जाणे त्याच दिवशी पोचायचा. पोळ्याला पत्ते बसायचे. पण त्या जुगाराला काठ होता. चिठ्ठी घेणारा गावातलाच, माणूस फार हरायला लागला तर तोच म्हणायचा, "घरी जाय आता." खिशात होते तेवढेच जायचे. बायको शोधत यायची आणि चार माणसांत अब्रू काढायची. मटका चांगला होता असं नाही, त्यानंही घरं बसवली. पण त्याला लाज होती, अंधार पडला की तो उठायचा.

मोबाईलवरची रमी उठत नाही. आणि ती कुठं खेळली जाते हे शहरातल्या वाचकांना ठाऊक नसावं म्हणून सांगतो. आमच्याकडं रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर लाईन पाळीपाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत घरातला तरणा माणूस विहिरीवर जातो. थंडी, रानडुकरं, सापाची भीती. एक वाफा भरायला लागतो तेवढा वेळ धुऱ्यावर बसून राहायचं. बोलायला कुणी नाही, झोपायचं तर नाहीच. हातात फोन.

माझ्या धाकट्या भावाचा पोरगा असाच बसायचा. 2024 ची गोष्ट. त्या साली सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये जाहीर झाला होता आणि भावाचं सोळा क्विंटल गेलं चार हजार शंभरानं. हमाली-तोलाई जाऊन पासष्ट हजार खात्यात आले. खातं भावाचं, पण भावाला साध्या फोनापलीकडं काही येत नाही, म्हणून पैशाचं अॅप पोराच्या फोनवर. त्यातून बियाण्याची उधारी, किराणा, धाकटीची फी जायची होती. अकरा रात्रीत बावन्न हजार गेले. कळलं ते कृषी केंद्रवाल्याचा पैशासाठी फोन आला तेव्हा.

मी पोराला विचारलं, सुरू कसं झालं?

"काका, पयले त्यायनंच पन्नास रुपये देल्ले. बोनस. मंग तीनशे जिंकलो, ते खात्यात आले बी. मले वाटलं खरं हाय."

"मंग?"

"मंग हारलो तं वाटलं, आता येक डाव."

भाऊ तोंड फिरवून बसला होता. तो एवढंच म्हणाला, "मले वाटलं पोरगं पानी देऊन राह्यलं."

देतच होता की. हरभरा त्या साली चांगला आला.

आता या पोराला 'अक्कल नव्हती' म्हणून मोकळं होता येतं, आणि पुष्कळजण झाले. पण अक्कल असती तर काय झालं असतं, ते पाहू. धरून चाला, दोघं खेळताहेत, दोघंही सारखेच हुशार. प्रत्येकाकडं हजार रुपये. डावाला दोघांचे शंभर-शंभर, आणि दोनशेतून अॅप आपली दहा टक्के, म्हणजे वीस रुपये, काढून घेतं. निम्मे डाव हा जिंकला, निम्मे तो. शंभर डाव झाले की वीसगुणिले शंभर, दोन हजार. म्हणजे दोघांचेही खिसे रिकामे आणि सगळा पैसा तिसऱ्याकडं, ज्यानं एकही पत्ता उचलला नाही. मेंदू तल्लख असेल तर तुम्ही समोरच्यापेक्षा उशिरा बुडाल, एवढंच. अडत्या माल विकून देतो तेव्हा एकदा अडत घेतो. हा तर तेच पोतं शंभरदा वजनाला चढवतो आणि दरवेळी मूठ काढतो. आमच्या शाळेतल्या सातवीच्या पोराला हा हिशेब येतो, पण जाहिरातीत तो कधी कुणी मांडला नाही.

'कौशल्य' हा शब्द आला कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा 1887 चा, इंग्रजांचा. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट. पुढं 1968 साली सर्वोच्च न्यायालयासमोर आंध्रातल्या एका क्लबाचं प्रकरण आलं. न्यायालय म्हणालं, रमीत पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणतं पान टाकायचं ते ठरवावं लागतं, म्हणून हा मुख्यतः कौशल्याचा खेळ. कंपन्यांनी हे वाक्य पकडलं आणि घोड्यावर बसल्या. पण त्याच निकालात पुढं असंही होतं की पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबाचा किंवा घराचा मालक स्वतः नफा काढत असल्याचं दिसलं, तर गुन्हा होऊ शकतो. आता सांगा, डावागणिक कट कापणारं अॅप म्हणजे कोण? घराचा मालकच की! निकालाचं पुढचं पान जाहिरातीत आलं नाही.

आणि इकडं काय चाललं होतं? पोळ्याच्या करीला वडाखाली चार म्हातारे शे-दोनशे रुपयांवर पत्ते कुटत बसले की गाडी यायची, पत्ते जप्त, पैसे जप्त, दुसऱ्या दिवशी पेपरात नावानिशी बातमी. त्याच वडापासून हाकेच्या अंतरावर पोरगं फोनवर हजारांचे डाव लावत बसलेलं. त्याला कुणी हात लावायचं कारण नव्हतं, तो कौशल्य दाखवत होता.

सरकार काय करत होतं म्हणाल, तर 1 ऑक्टोबर 2023 पासून खेळात टाकलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी घेत होतं. जिंकण्यावर नाही, टाकलेल्या पैशावर. म्हणजे पोरानं रात्री दोन वाजता वडलाच्या सोयाबीनचे पैसे टाकले की त्यातला वाटा तिजोरीत जमा. कराचा दर जुगाराचा आणि नाव कौशल्याचं.

नटांचं, खेळाडूंचं तर बोलायलाच नको. 2023 च्या ऑगस्टमध्ये बच्चू कडू अशाच एका जाहिरातीवरून सचिन तेंडुलकरच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलनाला बसले, तेव्हा बरेच जण हसले. भारतरत्नाला कशाला ओढता, म्हणाले. मी हसलो नाही. आमच्या पोरांनी त्यांची फोटो लावलेली पोस्टरं घरात चिकटवलीत. जो माणूस चेहरा विकतो त्यानं तो कुणाच्या दारात जाऊन काय सांगतो, याचा जाब द्यायला पाहिजे.

मग जुलै 2025 मध्ये तो व्हिडिओ आला. विधान परिषदेच्या सभागृहात तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे, आणि त्यांच्या फोनवर रमी. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, जाहिरात आपोआप आली, ती बंद करत होतो. राज्यभर त्यांची टिंगल झाली, महिनाअखेर कृषी खातं गेलं आणि मिळालं कोणतं तर क्रीडा. आमच्या पारावर त्यावर जे विनोद झाले ते छापता येणार नाहीत. पण मी म्हणतो, मंत्र्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं धरा. न बोलावता ती रमी जर राज्याच्या मंत्र्याच्या फोनवर, भर सभागृहात येऊन बसते, तर रात्री दोन वाजता धुऱ्यावर एकट्या बसलेल्या पोराकडं ती किती वेळा येत असेल? हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारल्याचं मला तरी ऐकू आलं नाही.

महिन्याभरातच, ऑगस्ट 2025 मध्ये, केंद्रानं कायदा केला. 20 तारखेला लोकसभेत, 21 ला राज्यसभेत, 22 ला राष्ट्रपतींची सही. त्यात कौशल्य की नशीब हा वादच काढून टाकला. पैसे लावून खेळवणं बंद, म्हणजे बंद. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद अन् एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे फार शहाणपणाचं. लुडोवाल्या बायांना, पब्जीवाल्या पोरांनाही धक्का नाही. तीन दिवसांत जे होऊ शकलं त्याला इतकी वर्षं का लागली, हे विचारलं तर आपण वाईट. कंपन्या कोर्टात गेल्या, लाखो नोकऱ्या जातील म्हणाल्या. जातीलही. हातभट्टी बंद केली तेव्हाही गूळवाल्याचा धंदा बसला होता.

आणि बंद झालं म्हणजे गेलं, असंही नाही. आता गावात 'आयडी' मिळते. कुठल्या तरी परदेशातल्या साईटवर सट्टा, मधे व्हॉट्सअॅपवरचा एक नंबर, पैसे दर आठवड्याला वेगळ्याच माणसाच्या खात्यात. त्याला कौशल्यही म्हणत नाहीत, काहीच म्हणत नाहीत. त्या नंबरामागं जायचं काम पोलिसांचं आहे, आणि वडाखालच्या चार म्हाताऱ्यांपेक्षा ते अवघड आहे. पण धाड टाकायची तर तिथं टाका.

पोराला रात्री एकटं वावरात बसवायचं कारणही कुणीतरी पाहा. सौर फिडरवरून दिवसा वीज देण्याची योजना कागदावर चांगली आहे, काही गावांना मिळालीही. आमच्या शिवारात यंदाही हरभऱ्याच्या दुसऱ्या पाण्याला लाईन रात्रीचीच आली. पुतण्या आता साधा फोन वापरतो, बटनवाला. पैशाचं अॅप माझ्याकडं आहे आणि कृषी केंद्राचे नऊ हजार अजून राहिलेत. परवा रात्री भाऊच त्याच्याबरोबर विहिरीवर गेला. साठीला टेकलेला माणूस, दम्याचा. घोंगडं घेतलं, थर्मासात चहा घेतला. मी म्हटलं, तू कशाले जातं थंडीत?

"त्याले बोलाले कोनी पाहिजे ना," तो म्हणाला.